पहिल्या रविवारचा द्राक्षरस

ट्रे समोर आला की चौथ्या बाकावरचे काका उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या कडेला लावायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि ट्रे शेजारच्याकडे सरकवायचे. ट्रेमध्ये काचेचे इवले पेले, प्रत्येकात घोटभर द्राक्षरस. त्यातला एकही ते कधी उचलत नसत. सांगलीतल्या आमच्या चर्चच्या सगळ्या मंडळीला हे माहीत होतं. मला मात्र नव्हतं, कारण मी उपासनेला बसायचो ते अगदी मागे, दाराजवळच्या पंख्याखाली, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे प्रभुभोजनाच्या दिवशी, उपासना लांबते म्हणून नेमका उशिरा पोचायचो.

अशा माणसाला मंडळीनं सेवक म्हणून निवडावं, हा मंडळीचा दोष. सेवक म्हणजे फार मोठं काही नाही, भाकरीचं ताट आणि रसाचा ट्रे बाकाबाकांतून फिरवायचा. निवडून आलो म्हणून मी घरी जरा छाती काढून सांगितलं, तर बायको म्हणाली, "दुसरं कोणी उभंच राहिलं नाही."

तर माझा पहिलाच पहिला रविवार. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल. ट्रे घेऊन मी चौथ्या बाकाशी आलो. काकांनी दोन बोटं लावली, डोळे मिटले. मला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. मी वाकून हळूच म्हणालो, "काका, घ्या की! लाजताय काय?"

मी विमा एजंट आहे. माझं हळूच शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं. गीत म्हणणारे थांबले. काकांनी नकाराची मान हलवली. आता लग्नाच्या पंगतीत कुणी नको म्हटलं की आपण काय करतो? तेच मी केलं. ट्रे आणखी पुढं रेटला. त्यांनी तो हातानं थोपवला, ट्रे तिरका झाला, आणि दहा-बारा पेल्यांतला रस पुढच्या बाकावर बसलेल्या पाळकीणबाईंच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नीच्या, पांढऱ्या साडीवर गेला. काळ्या बेदाण्याच्या रसाचा डाग कशानंही निघत नाही. हे मला नंतर वर्षभर त्या साडीकडे बघून कळत राहिलं.

उपासना संपल्यावर काकाच माझ्याकडे आले. हातात ओलं फडकं. माझ्या सदऱ्याची बाही पुसत म्हणाले, "तुजी चूक न्हाई गड्या. मी आदी सांगायला पायजे हुतं."

तो रस काढणारे तेच होते, हेही मला त्याच दिवशी कळलं. तासगावचे काळे बेदाणे शुक्रवारी भिजत घालायचे, शनिवारी संध्याकाळी उकळून, कुस्करून, फडक्यातून दोनदा गाळायचे, रविवारी सकाळी पेले भरायचे. सगळ्या मंडळीला पुरेल एवढा रस वर्षानुवर्षं त्यांनी काढला होता, आणि त्यातला एक थेंब त्यांनी स्वतः घेतला नव्हता.

तुम्ही अशी माणसं बघितली असतील. सांगितलेलं करतात. का, कशाला, विचारत नाहीत. काका आमच्या इथल्या एका जुन्या दवाखान्यात रेकॉर्ड खोलीत होते. माझी बायको तिथेच नर्स, म्हणून माझी त्यांच्याशी आधीपासून तोंडओळख. जन्ममृत्यूच्या जाडजूड वह्या त्यांच्या ताब्यात. निवृत्त झाल्यावरही ते दर गुरुवारी दवाखान्यात जायचे. कुठल्या खाटेवरच्या रोग्याला भेटायला कुणी येत नाही, हे आयांना विचारायचे आणि त्या खाटेशी जाऊन बसायचे. बोलणं फारसं नाही. मोसंबी सोलून द्यायची, नखं वाढली असली तर काढायची.

एकदा मी म्हटलं, "काका, तुम्हाला कंटाळा येत नाही?"

"येतो की."

"मग?"

"सांगितलंय न्हवं? मग करायचं. कंटाळा आला तर करू नको, असं कुटं सांगितलंय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सांगितलंय न्हवं, मग करायचं. कुणी सांगितलंय, ते बोट वर करून दाखवतसुद्धा नसत. समोरच्याला माहीत आहे असंच धरून चालायचे.

शेजारचा रिक्षावाला रोज सकाळी आपल्या दारातला कचरा लोटून यांच्या दारात आणायचा. काका दोन्ही दारं झाडायचे. चाळीतल्या बायका चिडायच्या. शेवटी रिक्षावाल्याचीच बायको नवऱ्याला म्हणाली, "त्या म्हाताऱ्यापुढं लाज वाटत न्हाई व्हय तुमास्नी?" रिक्षावाल्याला लाज वाटली नाही. काकांनी झाडणं थांबवलं नाही. गोष्टीत अशा माणसाचं मन पालटतं. चाळीत तसं काही झालं नाही.

खोटं बोलण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. मी एकदा त्यांना पॉलिसी विकायला गेलो. फॉर्मवर एक रकाना असतो, पूर्वी झालेले आजार. तिथं सगळेच लोक एक आडवी रेघ मारतात आणि मी ती मारायला मदत करतो. काकांनी फॉर्म घरी ठेवून घेतला. चार दिवसांनी परत दिला तेव्हा त्याला तीन फुलस्केप कागद जोडलेले. इयत्ता दुसरीत खरूज. चौथीत कान फुटला. लग्नाआधी सहा महिने छातीत धडधड, 'कारण ठाऊक नाही, पण बहुधा लग्न'. बायको गेल्यावर वर्षभर जेवण जात नव्हतं, 'हा आजार धरावा की नाही ते साहेबांनी ठरवावं'. साहेबांनी फॉर्म परत पाठवला. मी म्हटलं, "काका, एक रेघ मारली असती की!" ते म्हणाले, "रेघ मारायला काय, सोपंच हाय."

आता त्या दोन बोटांचं सांगतो. साडीच्या प्रकरणानंतर मी पुढच्या पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे माफी मागायला गेलो. म्हणजे बायकोनं पाठवलं. ते गॅसवर पातेलं ठेवून बेदाणे कुस्करत होते. अंगात बाहेरचेच कपडे, पायाला धूळ.

"कुठं जाऊन आलात?"

"कोरेगावला. अण्णाकडं."

"भाऊ?"

"थोरला."

मग पळीनं ढवळत ढवळत त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

अण्णाचा मुलगा इथल्याच दवाखान्यात जन्मला होता. काका कामाला म्हणून वहिनींना बाळंतपणाला सांगलीला आणलं होतं. नोंद काकांनी स्वतःच्या हातानं केली होती. पोरगा मोठा झाला, धावायला लागला, त्याला सैन्यात जायचं होतं. आमच्याकडे गावोगावची पोरं पहाटे रस्त्यानं पळताना दिसतात, त्यातलाच एक. दोन भरत्या हुकल्या आणि तिसरीच्या वेळी तो वयात चार महिन्यांनी बसेना. तेव्हा अण्णा कोरेगावहून आला आणि धाकट्या भावाला म्हणाला, वहीत तुझंच अक्षर आहे, तारीख चार महिन्यांनी पुढं घे आणि तसा एक दाखला दे. कुणाचं काय जातंय?

काका नाही म्हणाले.

"अण्णा पाया पडला माज्या," काका म्हणाले. "थोरला भाऊ. मी न्हाई म्हनालो."

पोरगा मग ट्रकवर लागला. आठ महिन्यांनी पाटणच्या वरच्या अंगाला घाटात ट्रक दरीत गेला.

पातेल्यातल्या रसाला उकळी आली होती. काकांनी गॅस बारीक केला. "आपल्या शास्त्रात सांगितलंय," ते म्हणाले, "भावाच्या मनात तुज्याविषयी काय असलं, तर आदी जाऊन समेट कर, मग देवापुढं ये. म्हणून जातो. पहिल्या रविवारच्या आदल्या शनवारी. तो दार उगडत न्हाई. समेट न्हाई, तर पेला कसा उचलू?"

"किती वर्षं झाली?"

"सतरा झाली."

मला खरं सांगायचं तर ते थोडं वेडेपणाचं वाटलं. आमच्या मंडळीत एकमेकांशी न बोलणारी किमान सहा घरं आहेत आणि सगळी शेजारशेजारच्या बाकांवर बसून पेला घेतात.

पुढं एकदा कोरेगावात माझं एक गिऱ्हाईक होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. गाडीत त्यांनी डब्यातली चपाती-भाजी अर्धी मला दिली आणि रहिमतपूर गेल्यावर टोपी काढून झटकून पुन्हा घातली. स्टेशनपासून चालत गेलो. बसकं कौलारू घर, पुढं ओटा. ओट्यावर एक उंच म्हातारा शेंगा फोडत बसला होता. त्यानं आम्हाला येताना पाहिलं, मांडीवरची टरफलं झटकली, आत गेला आणि कडी घातली.

काका दारासमोर उभे राहिले. टोपी काढून हातात धरली.

"अण्णा, मी आलोय."

आतून पावलं जवळ आली. मग दाराला अगदी चिकटून आवाज आला. "चुकला हुतास का न्हाई, एवढं सांग."

"तुला लय दुखावलं अण्णा. त्याची माफी मागतो. पाया पडतो तुज्या."

"ते न्हाई इचारलं. चुकला हुतास का?"

काका उभे. टोपी हातात. मी त्यांच्याकडे बघत होतो, माझे ओठ हलत होते. शाळेत नाटकातला सोबती भाषण विसरला की विंगेतून हलतात ना, तसे. चुकलो. तीनच अक्षरं. म्हणून टाका!

आतला माणूस दारापासून दूर गेल्याचं पावलांवरून कळलं. काकांनी टोपी घातली.

परतीच्या गाडीत मी न राहवून विचारलं, "एक शब्द म्हणायला तुमचं काय जातं?"

"खोटं हुईल."

"अहो, पोरगा गेला त्यांचा!"

"माजा बी गेला," ते म्हणाले. "माज्या खांद्यावर बसून त्यानं संगमावरचा घाट बघितलाय. तो गेला तवापासनं मला धड झोप न्हाई. पण तारीख बदलली असती तर ती खोटी झाली असती. दोनी खरं हाय गड्या. एक खरं म्हणून दुसरं पुसता येत न्हाई."

"देवाला विचारलंत का कधी?"

"रोज इचारतो."

"मग?"

"बोलत न्हाई." खिडकीतून बाहेर उसाचे फड मागे जात होते. "सांगायचं ते त्यानं आदीच सांगून ठिवलंय. आता काय बोलंल?"

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून तक्रारीसारखं मी जे ऐकलं, ते हेच. आणखी एकदा ऐकलं, ते दवाखान्यात.

गेल्या वर्षी त्यांच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं. ज्या दवाखान्यात त्यांनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तारखा लिहिल्या, तिथल्याच पुरुष वॉर्डात खिडकीजवळची खाट त्यांना मिळाली. माझी बायको त्या वॉर्डची सिस्टर. ते तिला घरीसुद्धा सिस्टरच म्हणायचे. गुरुवारी ज्यांच्याशी ते बसायचे, त्यांतलं कुणी आलं नाही. येणार कुठून म्हणा, ज्यांना कुणी नसतं अशांपाशीच ते बसायचे.

पाळकसाहेब एका डब्यात भाकर आणि रस घेऊन खाटेशी आले. काकांनी त्या अशक्त हाताची दोन बोटं डब्याच्या कडेला लावली.

"आता तरी घ्या," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत. देव बघतो."

"आदी अण्णा," काका म्हणाले.

पाळकसाहेब गेल्यावर ते छताकडे बघत पडले. मग मला म्हणाले, "गड्या, मी सांगितलेलं ऐकलं, म्हणून पोरगं गेलं. ऐकलं नसतं तर आज सुभेदार हून आलं असतं. मग मी ज्याचं ऐकलं तो कोन रं?"

मी विमा एजंट. प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे छापील उत्तर असतं. त्या दिवशी मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली. ती नीटच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला न सांगता कोरेगावची पॅसेंजर धरली. वाटेत ठरवलं काहीच नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. अण्णा ओट्यावरच होता. मी म्हणालो, "सांगलीहून आलो. तुमचे भाऊ फार आजारी आहेत." तो उठला, वळला, उंबऱ्यावर पाय ठेवला. कडीकडे हात गेला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ते चुकलो म्हणाले."

त्याचा हात कडीवर तसाच राहिला.

"तेच्या तोंडानं म्हनाला?"

"हो."

तो होता तशा कपड्यांनी निघाला. दाराला कुलूप लावायचं राहिलं ते मी लावलं. सबंध प्रवासात तो एकदाच बोलला. कराड सोडल्यावर म्हणाला, "लहानपनी लय हट्टी हुता." आणि हसला. त्याचं हसणं अगदी काकांसारखं होतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

वॉर्डात शिरल्यावर मी बायकोला खूण केली, पाळकसाहेबांना फोन कर. तिनं माझ्याकडे ती नजर टाकली, पंचवीस वर्षांच्या संसारात मी जिला घाबरतो ती. पण फोन केला.

अण्णा खाटेशी जाऊन उभा राहिला. आधी पायांना हात लावला, मग स्टुलावर बसला आणि भावाचा हात हातात घेतला. "आलो रं," म्हणाला.

काकांनी डोळे उघडले. ओळखायला वेळ लागला. मग त्यांच्या चेहऱ्याचं जे झालं ते मला लिहिता येणार नाही. आधी लहान मुलगा झाला, मग पार म्हातारा. अण्णा त्यांचा हात कुरवाळत होता. चार-पाच मिनिटं दोघं तसेच. शेजारच्या खाटेवरचा रोगीसुद्धा तोंड फिरवून पडला. तेवढ्यात पाळकसाहेब डबा घेऊन दारात आले आणि तिथंच थबकले.

"एवढंच म्हनायचं हुतं तुला," अण्णा म्हणाला. "एका शब्दासाठी किती वर्सं घालवलीस रं."

"काय म्हनालो मी?" काकांनी विचारलं.

"चुकलो म्हनालास न्हवं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघितलं. पन्नाशी ओलांडेपर्यंत मी ज्या प्रार्थना केल्या त्या बहुतेक दुसऱ्यांनी सुरू केलेल्या होत्या, शेवटी आमेन म्हणायला मी असायचो. त्या क्षणी मात्र मी स्वतःच्या शब्दांत, जीव तोडून प्रार्थना केली. म्हटलं, प्रभू, यांना गप्प ठेव. हो म्हणायला नको, फक्त गप्प ठेव. दोन मिनिटं.

काकांनी आपला हात भावाच्या हातातून काढला नाही. उलट दुसरा हातही त्यावर ठेवला, सुईचा.

"मी न्हाई म्हनालो, अण्णा."

"आँ?"

"तुला कुनीतरी उगंच सांगितलं. लय दुखावलं तुला. त्याची माफी मागतो. पर ते मी न्हाई म्हनालो."

अण्णानं हळूच हात सोडवून घेतला. रागावला नाही, ओरडला नाही. बसल्या जागी थकल्यासारखा झाला. मग उठला आणि दारातून, पाळकसाहेबांच्या शेजारून, निघून गेला. मी जिन्यापर्यंत मागे धावलो. त्यानं मागे वळून बघितलं नाही. पाळकसाहेबांनी उघडलेलं डब्याचं झाकण परत लावलं.

मी खाटेशी आलो. शिव्या ऐकायला तयार होतो. शिव्या हव्याच होत्या.

काका म्हणाले, "हात गरम हुता बघ अण्णाचा." थोड्या वेळानं म्हणाले, "ताप न्हवता न्हवं त्याला? सिस्टरला इचार."

मी खोटं बोललो होतो हे त्यांनी ना मला बोलून दाखवलं, ना दुसऱ्या कुणाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या गाड्या फिरत असताना ते गेले. माती द्यायला मंडळी बरीच जमली. रिक्षावालाही आला. मी फाटकाकडे बघत राहिलो. पेटी खाली सोडली, प्रत्येकानं मूठ मूठ माती टाकली, कुदळी लागल्या. कोरेगावहून कुणी आलं नाही.

पहिला रविवार थांबत नाही. रस कोण काढणार, असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शुक्रवारी बेदाणे भिजवले, शनिवारी उकळले आणि फोनवर एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पातेलं खाली लावलं. उरलेला रस बायकोनं सावरून गाळला. रविवारी सगळ्या मंडळीनं करपट वासाचा पेला घेतला आणि कुणी काही बोललं नाही. काकांच्या रसाचं कौतुकही इतक्या वर्षांत कुणी केलं नव्हतं.

ट्रे घेऊन मी चौथ्या बाकाशी आलो. तिथं आता एक नवीन कुटुंब बसलं होतं. त्यांनी पेले उचलले. फेरी संपल्यावर शेवटी सेवकांनी घ्यायचं असतं. दुसऱ्या सेवकानं ट्रे माझ्यापुढं धरला. माझा हात पुढं गेला आणि नुसती दोन बोटं कडेला लागली. मी ठरवून केलं नाही. हात पुढं जाईना. ट्रे सरकवला. दुसऱ्या बाकावरून बायको बघत होती.

पुढचा महिना तसाच गेला. पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी सकाळी उठलो तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझा डबा भरून ठेवलेला होता. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पॅसेंजर वेळेवर होती.

अण्णा ओट्यावर नव्हता. दार बंद होतं, पण आत कुणीतरी खोकत होतं. मी दारासमोर उभा राहिलो. डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून हातांचं काय करावं कळेना.

"अण्णा," मी म्हणालो, "मी सांगलीचा. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. तुमचे भाऊ तसं काही म्हणाले नव्हते. मी चुकलो."

कडी निघाल्याचा आवाज झाला. दार उघडलं.

काकांसाठी इतकी वर्षं न उघडलेलं ते दार माझ्यासाठी उघडलं. अण्णा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. दाढी वाढलेली, डोळे चिकटलेले. त्यानं मला नीट बघून घेतलं. मग म्हणाला, "परत म्हन."

"चुकलो."

त्यानं डोळे मिटले.

"हेच," तो म्हणाला. "असंच म्हनायचं हुतं तेनं. एवढंच." आणि दार लावून घेतलं. आतून घालताना कडी दोनदा निसटली.

संध्याकाळी घरी पोचलो. बायको स्वयंपाकघरात ताट घेऊन भिजलेल्या बेदाण्यांचे देठ काढत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. दार उघडलं हे सांगताना माझा आवाज जरा चढलाच असेल, मला सवय आहे. कसं उघडलं, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो.

ती देठ काढत राहिली. ताट रिकामं झाल्यावर तिनं हात पुसले.

"तुम्हाला किती सोपं गेलं हो," ती म्हणाली.